यांकी म्हणजे नेमका कोण?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आयातशुल्काच्या बातमीला आपण परवा 'यांकींचा दणका' असा मथळा दिलात आणि खाली चौकटीत 'यांकी' या शब्दाची माहितीही दिलीत. चौकट वाचून राहवले नाही. तिच्यात दोन विधाने आहेत. एक, हा चेरोकी आदिवासींच्या भाषेतला शब्द असून त्याचा अर्थ भित्रा. दोन, आज तो सगळ्या अमेरिकनांना लागतो. पहिले चूक आहे. दुसरे अमेरिकेच्या दक्षिणेतल्या सवाना बंदराच्या धक्क्यावर उभे राहून म्हणून बघावे. मी म्हटले होते.

मी व्यापारी जहाजांवर रेडिओ ऑफिसर होतो. दुष्काळी नगर जिल्ह्यातला माणूस समुद्रावर कसा, असे लोक अजून विचारतात. त्याचे उत्तर लांबलचक आहे. सांगायचे एवढेच की 'यांकी' हा शब्द माझ्या तोंडात दिवसातून दहादा असे. रेडिओवर अक्षरे नीट ऐकू जावीत म्हणून प्रत्येक अक्षराला एकेक शब्द ठरलेला असतो, आणि 'वाय'चा शब्द यांकी. जहाजाच्या डोलकाठीवर 'वाय'चा पिवळ्या-तांबड्या तिरक्या पट्ट्यांचा बावटा एकटाच चढला, तर त्याचा अर्थ होतो, 'माझा नांगर घसरतो आहे'. सवानाला माझा घसरला तो असा.

1981 साल. जॉर्जिया राज्यातून कागद आणि चिनी मातीच्या भांड्यांसाठी केओलिन नावाची पांढरी माती निघते, ती भरायला आम्ही सवाना बंदरात लागलो होतो. धक्क्यावरचा मुकादम साठीचा, गप्पिष्ट. त्याने मला कागदी पेल्यातून कॉफी दिली. मी एक घोट घेतला आणि थट्टेत म्हणालो, "तुम्हा यांकींची कॉफी म्हणजे भांडी विसळलेले पाणी." त्याने स्वतःचा पेला पिंपावर ठेवला. चेहऱ्यावरचे हसू गेले. "यांकी इथे राहत नाहीत," असे म्हणून त्याने अंगठ्याने उत्तर दिशा दाखवली. "तिकडे राहतात. एकदा आले होते इकडे. माझ्या पणजोबाचा गोठा जाळून गेले."

'एकदा' म्हणजे 1864 साली, अमेरिकेच्या उत्तर-दक्षिण यादवी युद्धात. उत्तरेचा सेनापती शेर्मन अटलांटापासून समुद्रापर्यंत वाटेतले रेल्वेरूळ, गिरण्या, धान्याची कोठारे नासवत आला आणि डिसेंबरात सवाना घेतले. 22 डिसेंबरला त्याने अध्यक्ष लिंकनना तार केली: सवाना शहर नाताळची भेट म्हणून आपल्याला सादर करतो, सोबत दीडशे अवजड तोफा, भरपूर दारूगोळा आणि कापसाच्या सुमारे 25,000 गासड्या. तारायंत्र हा माझ्या धंद्याचा पूर्वज, त्यामुळे ही तार मला तोंडपाठ आहे. तिच्यातल्या कापसाचा धागा तर थेट मुंबईला येऊन बांधलेला आहे. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे अडवली, लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकेचा कापूस मिळेना, म्हणून आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. कापसाचे व्यापारी प्रेमचंद रायचंदांची गडगंज संपत्ती, समुद्र हटवून जमीन करण्याच्या बॅकबे भरावाच्या शेअरांचा उन्माद आणि 1865 मध्ये युद्ध संपताच उडालेली दाणादाण, हे सगळे त्या नाकेबंदीचे पोर. म्हणजे यांकींचा दणका मुंबईने आपल्या मथळ्याच्या दीडशे वर्षे आधीच खाल्ला आहे. फरक इतकाच, की तेव्हाचे यांकी अर्ध्या अमेरिकेचे शत्रू होते. दक्षिणेत जुन्या घरांतून हा शब्द अजूनही शिवीच्या बरोबर जोडूनच येतो.

आता यांकी म्हणजे नेमका कोण, यावर तिकडे एक जुनी गंमत सांगतात. परदेशी माणसाला प्रत्येक अमेरिकन यांकी. अमेरिकेतल्या दक्षिणेकडच्याला उत्तरेचा तो यांकी. उत्तरेकडच्याला पूर्व किनाऱ्याचा तो यांकी. पूर्वेकडच्याला न्यू इंग्लंडचा, म्हणजे कनेटिकट, मॅसॅच्युसेट्स, न्यू हॅम्पशर वगैरे सहा राज्यांतला. न्यू इंग्लंडच्या माणसाला व्हरमाँटचा. आणि व्हरमाँटला गेलात तर कळते की यांकी म्हणजे सकाळच्या न्याहारीला पाय खाणारा. (पाय म्हणजे सफरचंद भरून भाजलेला गोड पदार्थ, आपला पाया नव्हे. आमच्या जहाजावरच्या भंडाऱ्याला हे समजावताना पुरेवाट झाली होती.) पुणेरी माणसाचे नाही का असेच? मुंबईकराला हिंजवडीतला संगणक अभियंताही पुणेकर वाटतो. पेठेत जाऊन तसे म्हणून दाखवा.

शब्दाच्या जन्माकडे वळतो. चेरोकीची गोष्ट आजची नाही. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात लढलेल्या एका इंग्रज अधिकाऱ्याने 1789 मध्ये ती छापली आणि तेव्हापासून ती तशीच उतरवली जाते आहे. अडचण अशी की चेरोकी भाषेत तसा शब्द सापडत नाही. शिवाय चेरोकींचा मुलूख दक्षिणेच्या ॲपलाचियन डोंगरात आणि यांकी राहणार शेकडो मैल उत्तरेला. सातपुड्यातल्या भिल्लाने केरळातल्या माणसाला नाव ठेवावे, तसला हा प्रकार. 'इंग्लिश' या शब्दाचा तिथल्या आदिवासींनी 'येंगीज' केला आणि त्याचे पुढे यांकी झाले, ही दुसरी उपपत्तीही ऐकायला गोड आहे, पण अभ्यासक तिला फारसे मानत नाहीत.

त्यांचा कौल वलंदेजांकडे आहे. हॉलंडच्या लोकांना आपल्या पूर्वजांनी दिलेले हे नाव मी मुद्दाम वापरतो आहे. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात फिरंगी (पोर्तुगीज), इंग्रज, फरासीस (फ्रेंच), डिंगमार (डेन्मार्कचे) यांच्या बरोबरीने वलंदेज 'टोपीकरां'च्या यादीत बसले आहेत. आज ज्याला न्यूयॉर्क म्हणतात ते 1664 पर्यंत याच वलंदेजांचे न्यू ॲमस्टरडॅम होते. त्यांच्यात 'यान' हे नाव आपल्याकडच्या रामासारखे, गल्लीगल्लीत. (लिहिताना पहिले अक्षर इंग्रजीतल्या 'ज'चे, उच्चार 'य'चा.) रामाचा जसा राम्या होतो तसा यानचा यान्के. 1680च्या दशकात कॅरिबियन समुद्रात यान विलेम्स नावाचा एक वलंदेज चाचा, म्हणजे समुद्री लुटारू, होता, त्याला सगळे 'कॅप्टन यांकी' म्हणूनच ओळखत. दुसरे काही जण म्हणतात की मूळ यान-कीस किंवा यान-कास, म्हणजे 'चीजवाला यान'. चीज खाणाऱ्या वलंदेजांना लावलेले हे हिणकस नाव पुढे न्यू इंग्लंडच्या इंग्रज शेतकऱ्यांना कसे चिकटले, यावर मतभेद आहेत. वलंदेजांनी शेजाऱ्यांना लावले की इंग्रजांनी वलंदेजांना लावलेले उलटून आले, यावर पैज मारू नये. माझा स्वतःचा कल यान्केकडे आहे, कारण टोपणनावे अशीच बनतात. एका हाकेतून. चीजचा भाग नंतर कोणीतरी चवीला घातला असावा.

1758 मध्ये मात्र शब्द स्पष्ट भेटतो. पुढच्याच वर्षी क्वेबेक घेताना मारला गेलेला इंग्रज सेनापती वुल्फ याने एका पत्रात आपल्या हाताखालच्या न्यू इंग्लंडच्या फौजेला यांकी म्हटले आहे, आणि ते कौतुकाने नव्हे. त्याच सुमारास 'यांकी डूडल'चे गाणे आले. डूडल म्हणजे बावळट. गाण्यातला बावळट टोपीत पीस खोचतो आणि त्याला मॅकरोनी म्हणतो. हे कोडे मला कित्येक वर्षे सुटले नव्हते; शेवया आणि पीस यांचा काय संबंध? तर तेव्हाच्या लंडनमध्ये इटलीची वारी करून आलेल्या, केसांचे उंच टोप घालून मिरवणाऱ्या छानछोक्या तरुणांना मॅकरोनी म्हणत. गावंढळाने कोंबड्याचे पीस खोचून स्वतःला फॅशनेबल समजावे, अशी ती टिंगल. 1775च्या एप्रिलात, स्वातंत्र्ययुद्धाच्या तोंडावर, इंग्रज शिपाई बोस्टनहून लेक्सिंग्टन-काँकर्डकडे निघाले ते ही धून वाजवत, असे सांगतात. परतताना मार खाऊन आले. त्यानंतर ते गाणे गावंढळांनीच उचलले, आणि आज ते कनेटिकटचे अधिकृत राज्यगीत आहे.

याचे मला नवल वाटत नाही. माझ्या पहिल्या जहाजावर रत्नागिरी-मालवणकडची मंडळी बहुसंख्य. मला 'घाटी' म्हणत. पहिले वर्ष मी धुमसलो. तिसऱ्या वर्षी कोणी 'घाटी आहे का वर?' असे खालून विचारले, की मीच ओरडून सांगत असे, "आहे, या."

शब्द बंदरे फिरला, तसे त्याचे अर्थ बदलले. लॅटिन अमेरिकेत तो भिंतीवरच्या घोषणेत असतो आणि तिथे त्याला घरचा रस्ता दाखवलेला असतो. ऑस्ट्रेलियन लोकांनी 'यँक'ला यमक म्हणून 'सेप्टिक टँक' जुळवले आणि त्याचे 'सेप्पो' केले. काय जुळवले ते अमेरिकन पाहुण्याला सांगत नाहीत. जपानमध्ये तर यांकी अमेरिकन उरलाच नाही. केस रंगवून मोटरसायकली उडवणारी शाळाबुडवी पोरे, ती यांकी. कोबेला आमच्या एजंटाने 'आमचा धाकटा यांकी झाला' म्हणून डोळ्यांत पाणी आणले, तेव्हा पोरगा अमेरिकेला गेला असे समजून मी त्याचे अभिनंदन केले होते.

नगरकर म्हणून आणखी एक सांगतो. अस्सल, न्यू इंग्लंडी अर्थाने यांकी मराठी मुलखात फार पूर्वी येऊन राहिले आहेत. बोस्टनच्या मिशनरी मंडळाने धाडलेले गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट 1813 मध्ये मुंबईत उतरले. कंपनी सरकारला ते नको होते, त्यातून इंग्लंड-अमेरिका युद्ध चालू. त्यांना परत पाठवण्याचे हुकूमही निघाले होते. तरी ते टिकले. त्यांचे मिशन 1831 मध्ये नगरला आले, 1842 मध्ये तिथून 'ज्ञानोदय' हे नियतकालिक निघाले. न्यू हॅम्पशरच्या सिंथिया फरार यांनी नगरमध्ये मुलींच्या शाळा चालवल्या, त्या पाहून जोतीराव फुल्यांनी पुण्यात पाऊल उचलले. याच यांकींच्या दुसऱ्या शाखेने, बोस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडरने, तळ्यांवर फुकट गोठणारा बर्फ कापून, लाकडाच्या भुशात बांधून 1833 मध्ये कलकत्त्याला पाठवला आणि विकून दाखवला. पुढे तो मुंबईलाही येऊ लागला. व्हरमाँटच्या न्याहारीपेक्षा यांकीची ही व्याख्या मला जास्त पटते: एक पुस्तक घेऊन आला, एक बर्फ घेऊन.

नगरमध्ये त्यांना कोणी यांकी म्हटल्याचे मी ऐकलेले नाही. आमच्याकडे ते 'अमेरिकन मिशनवाले'.

तेव्हा विनंती अशी की चेरोकीची चौकट दुरुस्त करावी. मथळ्यातला 'यांकी' राहू द्यायचा की नाही हे आपण ठरवावे. 'अमेरिके'पेक्षा तो आखूड पडतो आणि एका स्तंभाच्या मथळ्यात अक्षरे मोजावी लागतात, हे तारेची अक्षरे मोजण्यात आयुष्य काढलेल्या माणसाला कळते.

आपला नम्र,
एक निवृत्त रेडिओ ऑफिसर, पुणे

ता. क. : न्यूयॉर्कचा बेसबॉल संघ 1913 पासून अधिकृतपणे 'यांकीज' आहे. त्याच्या नावाने सर्वांत जास्त बोटे कोण मोडत असेल, तर बोस्टन. म्हणजे अस्सल यांकींचे गाव.