प्रश्नावलीत उधारीची वही कुठे आहे?

संपादक महोदय,

मानसशास्त्रज्ञ शीना अय्यंगार आणि मार्क लेपर यांचा 2000 सालचा जॅमचा प्रयोग मुलीने वाचून दाखवला. कॅलिफोर्नियातल्या दुकानात 24 प्रकार मांडले तेव्हा थांबलेल्यांपैकी 3 टक्क्यांनी खरेदी केली. 6 मांडले तेव्हा 30 टक्क्यांनी.

आमच्याकडे निवड वेगळ्या तऱ्हेने होते. साताऱ्यातल्या माझ्या किराणा दुकानात इंद्रायणी, कोलम, आंबेमोहोर अशी पोती उघडी असतात. गिऱ्हाईक चार दाणे तळहातावर चोळतं आणि विचारतं, "तुमच्या घरी कुठला शिजतो?" मग तोच नेतं. पैसे बऱ्याचदा पगार झाल्यावर.

गेल्या वर्षी एका महाविद्यालयाची मुलं प्रश्नावली भरून घेऊन गेली. गुणी मुलं. पण उधारीवर एकही प्रश्न नव्हता, निष्कर्षही आम्हाला कळवले नाहीत. प्राध्यापकांनी पुढच्या वेळी वही जरूर पाहावी, मी दाखवीन.

– एक किराणा दुकानदार, सातारा