वसंताला पत्र: वहिनींच्या खुब्याचे कागद

विश्रामबाग, सांगली
15 सप्टेंबर 2019

प्रिय वसंता,

पूर ओसरल्यावर तुझं गावभागातलं घर उघडलं, ते फोनवर सांगितलंच. ट्रंकेत वहिनींच्या खुब्यात कृत्रिम सांधा बसवल्याच्या ऑपरेशनची फाईल सापडली, पण आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांवर गेलं होतं, तेव्हा फाईलची काय गत झाली असेल ते तूच समज. डिस्चार्ज कार्डावरची शाई गेली, बिलांचा लगदा झाला. एक्स-रेच्या फिल्मा मात्र धुऊन दोरीवर वाळवल्या, त्या वाचल्या. त्यातली एक मिरजेत हाडांच्या डॉक्टरांना दाखवून आलो. ते म्हणाले, गोळा मोठा आहे आणि वाटीही धातूचीच दिसते, म्हणजे धातूवर धातू घासणारा सांधा असावा. कंपनी आणि मॉडेल मात्र फिल्मवरून खात्रीने सांगणार नाहीत.

तू सारखा विचारतोयस, केस करायची का, पंचवीस लाख मिळतात म्हणे. अरे, वहिनींच्या खुब्यात कुठल्या कंपनीचा सांधा आहे तेच अजून आपल्याला ठाऊक नाही. दावा पुढची गोष्ट.

पेपरात गाजतंय ते प्रकरण जॉन्सन अँड जॉन्सनच्या डीप्यू कंपनीच्या एएसआर सांध्याचं. त्याची वाटी उथळ. ती जरा तिरकी बसली की गोळा काठावर घासतो, कोबाल्ट-क्रोमियमचा बारीक कीस निघतो, आसपासचं मांस खराब होतं आणि धातू रक्तात उतरतो. इंग्लंडमध्ये प्रत्येक कृत्रिम सांध्याची नोंद ठेवतात. त्या नोंदीत दिसलं की पाच वर्षांत शंभरातल्या बारा-तेरा जणांना पुन्हा टेबलावर घ्यावं लागलं. ऑगस्ट 2010 मध्ये कंपनीने जगभरातून माल परत मागवला. आपल्याकडे सुमारे 4,700 शस्त्रक्रिया झाल्या होत्या. महाराष्ट्राचं अन्न व औषध प्रशासन तेव्हाच मागे लागलं होतं, पण केंद्राची सावधानतेची सूचना निघाली डिसेंबर 2013 मध्ये! पुढे डॉ. अरुण अगरवाल यांच्या समितीने चौकशी केली, तर साडेतीन हजारांहून जास्त रुग्णांचा पत्ताच लागेना. मला या सगळ्यात हेच जास्त संतापजनक वाटतं. माल परत मागवल्याचं पत्र विक्रेत्याला जातं, डॉक्टरांना जातं. ज्याच्या मांडीत तो माल ठोकलाय त्याला कोण कळवणार? आपल्याकडे तशी सक्तीची नोंदवहीच नाही.

पैशांचं म्हणशील तर, गेल्या नोव्हेंबरात केंद्राने सूत्र ठरवलं. वय आणि अपंगत्वाची टक्केवारी बघून 30 लाखांपासून सव्वा कोटीच्या आसपासपर्यंत. कंपनी त्याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेली. यंदा मे महिन्यात तिने 67 जणांना प्रत्येकी 25 लाख द्यायची तयारी दाखवली. तू ऐकलेले पंचवीस लाख ते हे. ती माणसं दुसरी शस्त्रक्रिया झालेली आणि तपासणी होऊन यादीत बसलेली. आणि हे सगळं फक्त एएसआरपुरतं. वहिनींचा सांधा दुसऱ्या कुणाचा निघाला तर हा रस्ताच नाही, मग ग्राहक मंच किंवा दिवाणी कोर्ट.

म्हणून कागद. प्रत्येक सांध्याबरोबर छोटे स्टिकर येतात, त्यावर मॉडेल आणि लॉट नंबर असतो. ऑपरेशनच्या वेळी ते केसपेपरवर चिकटवतात, कधी बिलावरही. मुंबईच्या त्या हॉस्पिटलला लेखी अर्ज दे. कागद मागितल्यापासून 72 तासांत द्यावेत असा डॉक्टरांसाठी नियम आहे, पण दाखल रुग्णाचे कागद तीनच वर्षं जपायचं बंधन आहे आणि आपलं ऑपरेशन 2008 चं. 'नाहीत' म्हणाले तर तेही लेखी घे. सर्जननी स्वतःची वही ठेवली असेल, तीही विचार.

माझी खरी आशा वेगळीकडेच आहे. तू तेव्हा नोकरीत होतास, वैद्यकीय प्रतिपूर्तीचा प्रस्ताव टाकला होतास. मूळ बिलं त्याला जोडलेली असणार. कोर्टात टेबलावर आयुष्य गेलं माझं. सरकारी दप्तरातला कागद सहजी मरत नाही, नुसता खाली जातो. पंचायत समितीच्या शिक्षण विभागात आणि जिल्हा शल्यचिकित्सकांच्या कार्यालयात माहितीच्या अधिकारात एकेक अर्ज टाकू. दहा रुपयांचा स्टॅम्प, तीस दिवस.

तोवर वहिनींना घरी बसवून ठेवू नकोस. जांघेत ठणका आहे म्हणतोस, तर नागपुरातच रक्तातलं कोबाल्ट आणि क्रोमियम तपासून घे. त्याला वेगळी नळी लागते, साध्या लॅबमध्ये होत नाही. इंग्लंडच्या नियामकाने लिटरला 7 मायक्रोग्रॅम ही खूण धरली आहे, त्यावर गेलं की पुढचा तपास. धातू असताना करायचा खास एमआरआय असतो, तो मिरजेच्या डॉक्टरांनीही सुचवलाय. आणि सांधा बदलायची वेळ आलीच, तर ऑपरेशनआधी लेखी देऊन ठेव की काढलेला सांधा आम्हाला हवा. फोटो काढून, सील करून, पोच घेऊन. कंपनीचा माणूस 'तपासायला नेतो' म्हणाला तरी द्यायचा नाही. तो गेला की पुरावाच गेला.

मुदतीचं सांगतो, कारण त्यात माणसं मारली जातात. ग्राहक मंचात तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षं. घड्याळ ऑपरेशनपासून धरायचं की दोष कळल्यापासून, यावर वकील भांडतील, म्हणून आज कळलं ते तारखेनिशी लिहून ठेव. उशीर माफ होतो, पण कारण पटावं लागतं. आत्ताच्या कायद्याने तक्रार मुंबईलाच करावी लागेल असं दिसतं. ऑगस्टमध्ये मंजूर झालेल्या नव्या कायद्यात राहत्या गावी तक्रार करता येईल आणि सदोष मालासाठी उत्पादकावर थेट जबाबदारीचं वेगळं प्रकरणच आहे, पण आज, सप्टेंबर 2019 मध्ये, तो लागू झालेला नाही. त्याची वाट बघत मुदत घालवू नये असं माझं मत. वकिलाच्या फीची धास्ती घेऊ नकोस. विधी सेवा प्राधिकरणात बाईमाणसाला मोफत वकील मिळतो, उत्पन्न विचारत नाहीत.

फेसबुकवर नंबर देऊन 'भरपाई मिळवून देतो, तीस टक्के आमचे' म्हणणाऱ्यांना मात्र आधार कार्डाची झेरॉक्ससुद्धा पाठवू नकोस.

सोबत माहिती अधिकाराच्या अर्जाचे, म्हणजे जोडपत्र 'अ' चे, दोन कोरे नमुने आहेत. मजकूर मी पेन्सिलीने लिहिलाय. तो शाईने उतरव, प्रस्तावाचं साल आठवेल तेवढं घाल, सही करून कुरिअरने पाठव. दोन्ही कार्यालयांत मी स्वतः नेऊन देतो आणि पोच घेतो. रक्ताचा रिपोर्ट आला की फोटो पाठव. वहिनींना नमस्कार.

तुझा,
शरद