कंत्राटदाराच्या कागदावर सही करण्याआधी

घणसोली, १२ मे

चि. सायली हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पुदुच्चेरीहून आलेलं पत्र आजीला दोनदा वाचून दाखवलं. काकाने आणलेला कंत्राटदाराचा कागद फ्रिजवर ठेवलाय. गोठा-कोठी पाडून तळ अधिक चार मजले, वर भाड्याच्या खोल्या, खाली रस्त्याच्या बाजूला तुला गाळा. तू लिहितेस, सहा वर्षं आपण गोठ्याची तुझी कुंभारकामाची जागा तुकड्यातुकड्याने करतोय ते एका वर्षात उरकेल, फरशी सपाट मिळेल, वायरिंग कोरी. काकाचा हिशेब चुकीचा नाही. चार मजल्यांचं भाडं किती येतं ते आपल्या आळीत सगळ्यांना तोंडपाठ आहे. तरी सहीआधी मला काय वाटतं ते लिहूनच काढतो, कारण फोनवर तू मला पुरं बोलू देत नाहीस.

१९७० नंतर खाचरं शहरासाठी संपादनात गेली. गोठा आणि भाताची कोठी गावठाणात घराला लागून, म्हणून राहिली. आजोबांनी त्यानंतरही पारसिकच्या डोंगरावरचं गवत आणून म्हशी ठेवल्या. शेवटची म्हैस विकली तेव्हा तू बारावीला होतीस. मग तिथे माझी मोडकी लूना, लग्नातली पिंपं आणि घुशी.

पहिल्या वर्षी आपण फक्त शाकारणी केली, आठवतं? तुला चाक आणायची घाई होती आणि मी म्हणत होतो आधी वरचं पाणी बंद होऊ दे. गडी कौलं उतरवत होता तेव्हा तू एक मंगळुरी कौल उलटं करून पोटाला बोट लावलंस आणि म्हणालीस, बाबा, आपण आधीपासून कुंभाराच्याच घरात राहतोय की. मंगळुरात बासेल मिशनने १८६५ साली कौलांचा कारखाना काढला, तिथली कौलं समुद्रामार्गे इकडच्या किनाऱ्यावर आली. हे मला तूच सांगितलंस. त्याआधी कौल म्हणजे माझ्या लेखी फुटली की बदलायची वस्तू.

भिंतींच्या बाबतीत चूक माझी. गोठ्याच्या भिंतीला लोणा म्हणजे क्षार लागलेला, म्हशींचं इतक्या वर्षांचं मूत मुरलेलं. मी शहाणपणा करून वरून सिमेंटचं प्लास्टर मारून घेतलं. पुढच्या पावसाळ्यात पोपडे धरून सगळं खाली. तेवीस हजार गेले. मग खरवडून चुन्याचा गिलावा केला. तो श्वास घेतो, क्षार बाहेर येतात ते दर वर्षी कोरड्या ब्रशने झाडायचे. कोरडं झाडणं म्हटलं की तुझा चेहरा दिसतो. आजीला तू शिकवलंस ना, मातीच्या खोलीत केरसुणी नाही, ओलं फडकं. वाळलेल्या मातीच्या धुळीत सिलिका असते, ती फुप्फुसात जाऊन बसते ती निघत नाही. आजी अजून विचारते, जन्मभर शेणाने सारवलं तेव्हा कुठे होतं तुमचं सिलिका? पण पुसते ओल्यानेच. भिंती झाडताना मी मास्क लावतो.

गव्हाणीचं मात्र जमलं. ती फोडायला मी घण काढला होता, तू आडवी पडलीस. आत रेती-सिमेंट भरून वर लादी बसवली आणि तू तिथे माती मळायला लागलीस. आठ दिवसांत कंबर धरून बसलीस, कारण म्हशीच्या तोंडाची उंची आणि माणसाच्या हाताची उंची वेगळी. मग तू सरळ उभी राहून हात खाली सोडलेस, मी बोटांच्या पेरांशी खडूने रेघ मारली आणि तिथपर्यंत विटांचे थर चढवले. सत्तावीस इंच. हे माप कुठल्या नकाशात आलं असतं सांग. मुताची पन्हळ होती तिचंही तसंच. उतार आजोबांनी काढलेला, आपण फक्त शेवटी तीन टप्प्यांची टाकी खोदली. मातीचं पाणी तिथे निवळतं, गाळ परत वापरात येतो. गाळ्यात हेच पाणी बेसिनमधून इमारतीच्या पाइपात जाईल आणि पहिल्या पावसाळ्यात सगळा मजला तुझ्या दारात येऊन उभा राहील.

तुझ्या विजेच्या भट्टीचं तर मी शपथेवर सांगेन. कोठीच्या भिंती दीड हात जाड, म्हणून ती निवडली. वर पेंढ्याचा माळा होता तो काढला, ऐनाच्या फळ्यांची तुझी मांडणी झाली. भट्टी भिंतीपासून दीड फूट लांब ठेवली. तरी पहिले तीन घाणे फसले. तापमानाचा मीटर ११८० अंशांवर येऊन अडकायचा, ग्लेझ म्हणजे भांड्यावरचा काचेसारखा थर दुधट, खरखरीत. तू स्वतःला दोष देत बसलीस, रेसिपी बदलत राहिलीस. मी तेहतीस वर्षं एमआयडीसीत फिटर होतो, मला ग्लेझ कळत नाही, पण व्होल्टेज कळतं. संध्याकाळी साडेसातला मल्टिमीटर लावला, २३० च्या जागी २००. दाब तेवढा उतरला की हीटरची ताकद वर्गाच्या हिशेबाने उतरते, म्हणजे चौथा हिस्सा गायब. आळीतले सगळे एसी आणि तुझी भट्टी एकाच वेळी चालू. तेव्हापासून जोराची आंच रात्री अकरानंतर. त्या रात्री दीडला १२२० गाठलं आणि तू मला उठवलंस. भट्टीच्या भोकातून आत पाहिलं तर रंग केशरीच्याही पुढचा, भांडी दिसेनात, फक्त कडा हलल्यासारख्या.

आता मला सांग, वर चार मजले भाडेकरू झोपलेत आणि खाली तू पहाटेपर्यंत बाराशे अंश पेटवलेत. कोण राहू देईल? पहिल्या महिन्यात सोसायटी, दुसऱ्यात नोटीस. मग गाळ्यात तू काय विकशील, चहा?

जुन्या मातीवर माझा आंधळा जीव आहे असं समजू नकोस. शेजाऱ्यांच्या पायाच्या खड्ड्यातून निघालेली काळी माती तू बादल्यांनी आणलीस, आपल्या खाचराची माती म्हणून मीही हळवा झालो. चाळीस कप केलेस. भाजले, सुरेख लाल आले. चौथ्या दिवशी मी चहा पीत बसलो होतो तर मांडणीवर टिक् असा आवाज. जवळ गेलो. कपाच्या पोटावर नखाएवढा खळगा, तळाशी पांढरा ठिपका, खाली पडलेली खपली. पंधरा दिवसांत निम्म्या कपांना देवी आल्यासारख्या. खाडीची माती, तिच्यात शिंपल्यांचा चुरा. भाजल्यावर त्याची चुनकळी होते, ती हवेतला ओलावा पिऊन फुगते आणि अंगावरची माती उडवते. जमीन आपली होती म्हणून माती चांगली ठरत नाही. ती बारीक चाळणीतून गाळून आता फक्त लेप द्यायला वापरतेस, तेच बरं आहे. मुरबाडच्या मामाकडचं भाताचं तूस जाळून केलेली राख मात्र दर वेळी गुण देते. तुसाच्या राखेत बहुतेक सिलिकाच, तिचं ते सायीसारखं पांढरं ग्लेझ आजीलासुद्धा आवडतं.

गोठा अपुरा आहे, कबूल. जुलैत कप दहा-दहा दिवस वाळत नाहीत. मागच्या वर्षी ओल राहिलेली आठ भांडी आत वाफेने फुटली, तेव्हापासून मी भोकासमोर स्टीलची वाटी धरतो. वाटीवर दव धरलं की भट्टी अजून तासभर शंभर अंशांच्या आत. पण वाळवणीची खोली हवी तर ती एक खोली बांधू, भट्टीच्या पाठीला लागून, तिच्याच उबेवर. माझ्या अंदाजाने ऐंशी हजार. यंदा ती, पुढच्या वर्षी संडास-बाथरूम, म्हणजे शिकायला येणाऱ्या बायकांना आपल्या घरात यायला नको. काम चालू ठेवून जे आड येईल तेवढंच बांधायचं. काम बंद ठेवून वर्षभर इमारतीची वाट पाहिलीस तर हात कशावर चालवशील?

भाड्याचा तोटा होईल. काकाचा हिस्सा वेगळा आहे, त्याच्या बाजूला त्याने खुशाल चार मजले चढवावेत, मी त्याला तसं सांगितलंय. दोन दिवस बोलला नाही, परवा फणस घेऊन आला. आपल्या बाजूची सही तुझ्या होकाराशिवाय होणार नाही. तरीही तुला गाळाच हवा असेल तर तसं स्पष्ट कळव, मी अडून बसणार नाही.

येताना भट्टीतली आंच दाखवणाऱ्या सहा नंबरच्या कोनांची पेटी आण, दोनच उरलेत. गोठ्याच्या वाऱ्याकडच्या पाखीची शंभर-सव्वाशे कौलं बदलायची आहेत. गडी पंचवीस तारखेला येतोय. त्याआधी पोचलीस तर खालून कौलं द्यायला एक माणूस होईल, माझा खांदा अजून वर जात नाही.

तुझा,
बाबा