नागरिकत्व फक्त तिचंच का गेलं?

संपादक महोदय,

रविवारच्या पुरवणीतला अमेरिकेतल्या आंतरवंशीय लग्नांवरचा लेख वाचला, चांगलाय, पण सगळा भर १९६७ च्या लव्हिंग खटल्यावर (ज्यात अशा लग्नांवरची बंदी कोर्टाने रद्द केली) आणि बाईची बाजू राहूनच गेली. १९०७ च्या कायद्याने परदेशी माणसाशी लग्न केलं की अमेरिकन बाईचं नागरिकत्व जायचं, पुरुषाने परदेशी बायको केली तर त्याचं काहीच जात नव्हतं. १९२२ मध्ये बाईचं नागरिकत्व लग्नानंतरही टिकवणारा केबल कायदा आला तरी नवरा नागरिकत्वाला अपात्र ठरवलेल्या वंशाचा असेल तर तिची सुटका नव्हती, आणि १९२३ मध्ये भगतसिंग थिंड या भारतीयाच्या खटल्यात अमेरिकन सुप्रीम कोर्टाने भारतीयांना 'गोरे' मानायला नकार दिला, त्यानंतर भारतीय माणसं त्यातच मोडायला लागली. क्रांतिकारक तारकनाथ दास यांच्याशी लग्न केलं म्हणून मेरी दास यांचं नागरिकत्व असंच गेलं. ही अट १९३१ पर्यंत होती!

आपल्याकडे तरी काय वेगळं चालतं? मुलाने गोरी सून आणली की फोटो फॅमिली ग्रुपवर फिरतात, मुलीने आफ्रिकन मुलाचं नाव काढलं की घरात रडारड, हे मी माझ्याच नात्यात बघितलंय, आणि तेव्हा मी त्या मुलीच्या बाजूने एक शब्द बोलले नाही याचं अजून वाईट वाटतं.

- एक वाचक, ठाणे