साखरेच्या आजारात चरबीचा प्रश्न

नौपाडा, ठाणे

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार. तुझे पत्र आणि रक्ततपासणीचे कागद मिळाले. साखर वाढलेली असताना डॉक्टरांनी पोटाचा घेर आणि ट्रायग्लिसराइड (रक्तातील व पेशींतील साठवणीची चरबी) यांविषयीच अधिक विचारावे, याचे तुला नवल वाटले. येथे महाविद्यालयात जीवरसायनशास्त्र शिकवताना हा प्रश्न मला दरवर्षी कोणीतरी विचारतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

स्वादुपिंडात सुमारे दहा लाख सूक्ष्म पेशीसमूह विखुरलेले असतात. पॉल लांगरहान्स याने विद्यार्थिदशेतच, १८६९ मध्ये, त्यांचे प्रथम वर्णन केले. त्यांतील बीटा पेशी इन्शुलिन तयार करतात. मेदाम्ले, म्हणजे चरबीचे मूळ घटक, या पेशींची वैरी आहेत, असे हल्ली सरसकट सांगितले जाते. ते मला अर्धेच खरे वाटते. बीटा पेशीच्या आवरणावर लांब साखळीची मेदाम्ले ओळखणारा जीपीआर-४० नावाचा ग्राहक, म्हणजे संदेश टिपणारे प्रथिन, असतो, हे २००३ मध्ये उघड झाले. मेदाम्ल त्याला जाऊन मिळाले की पेशीत कॅल्शियम वाढते आणि ग्लुकोजमुळे सुरू झालेला इन्शुलिनचा स्राव जोर धरतो. दीर्घ उपाशी असलेल्या माणसांच्या रक्तातील मेदाम्ले औषधाने उतरवली, तेव्हा ग्लुकोज देऊनही इन्शुलिन पुरेसे स्रवले नाही. म्हणजे काही तासांच्या हिशोबात ही पेशी मेदाम्लांवर विसंबून असते.

बिघडते ते मेदाम्ले आठवडेच्या आठवडे चढी राहिली म्हणजे, आणि त्यांच्या जोडीला साखरही चढी असली म्हणजे. पेशीत ग्लुकोज मुबलक असले की त्यापासून मॅलोनिल-कोए हे द्रव्य वाढते आणि ते मेदाम्लांना तंतुकणिकांत, म्हणजे पेशीच्या ऊर्जाभट्ट्यांत, शिरू देत नाही. तेथे जळण्याची वाट बंद झालेली मेदाम्ले पेशीतच साचतात. त्यांत पामिटिक आम्ल विशेष उपद्रवी आहे: त्यापासून सेरामाइड हे पेशीला घातक मेदद्रव्य बनते, इन्शुलिन घडवणाऱ्या आंतर्द्रव्यजालिकेवर (पेशीतील प्रथिने घडवणाऱ्या जाळ्यावर) ताण येतो, इन्शुलिन कमी घडते आणि शेवटी पेशी स्वतःच मरण पत्करते. एकच दुहेरी बंध असलेले ओलेइक आम्ल मात्र ट्रायग्लिसराइडच्या रूपात निमूट साठते आणि पामिटिकलाही आपल्यासोबत तेथे नेऊन त्याचा जाच कमी करते. अर्थात प्रयोगशाळेतील बशीत पेशींवर एकटे पामिटिक ओततात, रक्तात ते कधीच एकटे नसते; त्यामुळे त्या प्रयोगांतील संहार जसाच्या तसा आपल्या पोटात कल्पू नये.

आता तुझा प्रश्न, की स्वयंपाकाचे तेल बदलून भागेल का. आपल्या शेंगदाणा तेलात ओलेइक भरपूर असते आणि फरसाणवाल्यांच्या पामतेलात पामिटिक चाळीस टक्क्यांच्या पुढे, हे खरे. परंतु तेल बदलले की सुटलो, असे मानू नकोस. उपाशीपोटी रक्तात फिरणारी मेदाम्ले मुख्यतः आपल्याच चरबीतून सुटलेली असतात, आणि जास्तीच्या साखरेपासून व पिष्टापासून यकृत जे मेदाम्ल तयार करते, ते पामिटिकच. एकादशीला साबुदाण्याची खिचडी दोनदा वाढून घेणाऱ्याने हे विशेष ध्यानात ठेवावे!

"मी तर सडपातळ आहे," असे तू लिहितोस. पुण्याचे मधुमेह-संशोधक डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवलेली गोष्ट येथे लागू पडते: पुण्यातील नवजात बालके सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधील साउथॅम्प्टनची ३.५ किलोची, तरीही आपल्या बालकांत स्नायू कमी आणि चरबी मात्र त्या मानाने टिकून असलेली. काटा जे दाखवत नाही, ते कमरेची फीत दाखवते.

यात दिलासाही आहे. इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे मधुमेह-संशोधक रॉय टेलर यांच्या गटाने २०११ मध्ये अकरा मधुमेहींना आठ आठवडे रोज सुमारे ६०० कॅलरींचा आहार दिला. उपाशीपोटीची साखर पहिल्याच आठवड्यात सुधारली. स्वादुपिंडातील चरबी उतरायला आणि बीटा पेशींचा प्रतिसाद सुधारायला मात्र पूर्ण आठ आठवडे लागले. पुढे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत वजन उतरवणाऱ्या गटातील ४६ टक्के रुग्ण वर्षाअखेर औषधाविना मधुमेहमुक्त होते. त्या सर्वांचे निदान सहा वर्षांच्या आतले होते. तुझे निदान ताजे आहे, म्हणून घाई करावी असे माझे मत आहे. मात्र गोळ्या चालू असताना इतका तुटपुंजा आहार डॉक्टरांना विचारल्यावाचून सुरू करू नकोस, साखर एकाएकी खाली जाऊ शकते. पुढच्या तपासणीचे कागदही पाठव.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा स्नेहांकित मित्र