आंदोलन उठल्यावर मागे राहिलेल्या सामानाचे काय?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

पर्यावरणाच्या प्रश्नावर सड्यावर (कोकणातल्या कातळाच्या पठारावर), माळावर नाहीतर नदीकाठी ठिय्या बसतो, यथावकाश उठतो, आणि दुसऱ्या दिवशी छायाचित्र छापून येते : विखुरलेल्या चपला, फाटकी ताडपत्री, पाण्याच्या बाटल्या. मग आंदोलकांना नावे ठेवणारे आणि त्यांची बाजू घेणारे आपापसांत भांडतात. त्या सामानाची व्यवस्था कशी लावायची, हे मात्र कुणी सांगत नाही. म्हणून हे पत्र.

लोक स्वतःहून उठून जातात तेव्हा बहुधा नको असलेले सामान मागे राहते. पोलीस उचलून नेतात तेव्हा हवे असलेले राहते. ऑक्टोबर 2019 मध्ये मुंबईच्या आरेत मेट्रो कारशेडसाठीच्या वृक्षतोडीला विरोध करणाऱ्या 29 जणांना अटक झाली. एप्रिल 2023 मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातल्या बारसूच्या सड्यावर तेलशुद्धीकरण प्रकल्पासाठीच्या माती परीक्षणाच्या वेळी शंभराहून अधिक माणसे ताब्यात घेतली गेली. अशा धरपकडीत माणसाला पिशवी घ्यायलाही सवड मिळत नाही. तेव्हा पहिल्या तासात शोधायच्या त्या औषधाच्या गोळ्या, चष्मे, श्रवणयंत्रे, घराच्या किल्ल्या आणि ओळखपत्रे. रक्तदाबाच्या किंवा मधुमेहाच्या गोळ्या त्याच दिवशी पोलीस ठाण्यात पोचल्या पाहिजेत, त्यावर नाव असो वा नसो. आत बसलेली माणसे आपापली पाकिटे ओळखतात. चपलांची जोडी सापडेल तिथेच सुतळीने बांधावी. एकदा त्यांचा ढीग झाला की जोड्या लागत नाहीत, आणि सगळा ढीग कचऱ्यात जातो.

बाकीच्या सामानाला हात लावण्याआधी जागेचे सुतळीने पट्टे पाडावेत आणि प्रत्येक पट्ट्याला तिघे नेमावेत. एकाने उचलायचे, दुसऱ्याने वर्णन सांगायचे, तिसऱ्याने लिहायचे. नोंदवहीत अनुक्रमांक, कुठल्या पट्ट्यात सापडले, तारीख-वेळ आणि दोघांच्या सह्या. वस्तूला कापडी चिंधी बांधून तिच्यावर तोच क्रमांक पेन्सिलीने लिहावा; शाई ओलीत पसरते, पेन्सिल पसरत नाही. बंद पिशवी एकट्याने कधीही उघडू नये. आधार कार्ड, बँकेचे पुस्तक, डायरी, वर्गणीची यादी यांचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर टाकू नयेत. आंदोलनातल्या वहीत नावे आणि फोन नंबर असतात, त्यांचा बोभाटा झाला तर माणसे अडचणीत येतात. 'निळी पिशवी सापडली' एवढेच जाहीर करावे. आत काय आहे ते मागायला येणाऱ्याने सांगायचे. नाहीतर चांगल्या पिशवीला तीन-तीन मालक उगवतात.

कायदा याबाबत स्पष्ट आहे. भारतीय करार कायदा, 1872 मधील कलम 71 नुसार सापडलेली वस्तू ताब्यात घेणाऱ्यावर ठेव सांभाळणाऱ्याइतकीच जबाबदारी येते. कलम 169 विक्रीची मुभा देते, पण मर्यादित : वाजवी शोध घेऊनही मालक सापडत नसेल किंवा सांभाळण्याचा रास्त खर्च द्यायला तो नकार देत असेल, आणि वस्तू नासण्याच्या वा तिचे बरेचसे मोल जाण्याच्या बेतात असेल किंवा तो खर्च किमतीच्या दोन-तृतीयांशावर गेला असेल, तरच. शोध न घेता वस्तू परस्पर वापरली तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 314 खालचा अपहार ठरू शकतो. 'चळवळीचेच सामान आहे, घेऊन जा' असे म्हणून घोंगड्या आणि कुकर वाटून टाकणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

सर्वांत जास्त जागा अडवतात ते कपडे आणि अंथरुणे. सहानुभूतीपोटी गावोगावचे लोक गाठोडी पाठवतात, त्यातले निम्मे उघडलेही जात नाही. ओली गोधडी गाठोड्यात तशीच बांधली की काही दिवसांतच बुरशी धरते आणि शेजारचे कोरडे कपडेही जातात. म्हणून आधी वाळवणे, मग वर्गवारी. उघडे पडलेले तांदूळ-डाळ माळावर ओतू नये. त्यावर उंदीर येतात, उंदरांमागे साप. सीलबंद पोती अन्नछत्राला द्यावीत, किडके धान्य जवळच्या गोठ्यात विचारून. गॅस सिलिंडरचा रेग्युलेटर काढून सुरक्षा टोपी बसवावी, सिलिंडर उभाच ठेवावा आणि वितरकाला कळवावे. तो कंपनीच्या मालकीचा असल्याने भंगारात देता येत नाही. फुगलेली पॉवर बँक गोणीत कोंबू नये, कोरड्या वाळूच्या बादलीत वेगळी ठेवावी.

कोकणात फुरसे या विषारी सापाची आठवण द्यावीच लागते. दिवसभर पसरून ठेवलेल्या ताडपत्रीखाली आणि तिच्यावर दाबलेल्या जांभ्या दगडांखाली ते हमखास सापडते. बूट घालून, काठीने कड उचलावी. दगड उलटताना पलीकडची कड उचलून आपल्याकडे कलंडवावा, म्हणजे खालचा प्राणी समोरून पळतो आणि मध्ये दगडाची आड राहते. ताडपत्री सकाळी वारा पडलेला असताना आतल्या बाजूला गुंडाळत आणावी. उन्हात दोन महिने तापलेली निळी ताडपत्री फरफटत ओढली तर तिचे पापुद्रे सुटतात, आणि ते वेचणे जवळपास अशक्य असते. पहिल्या पावसात ते ओढ्यात जातात.

बारसूसारख्या सड्यावर कातळशिल्पे, म्हणजे कातळावर कोरलेली प्राचीन चित्रे, आहेत. कोकणची कातळशिल्पे 2022 पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत आहेत. तिथे खुंट्या काढायला पहार वापरू नये, सामान ओढत नेऊ नये, चूल तर नाहीच. उचलून, डोक्यावरून न्यावे, वेळ लागला तरी चालेल. झाडांना बांधलेल्या नायलॉनच्या दोऱ्या हा सर्वांत दुर्लक्षित भाग. खोड जाड होत जाते, दोरी सैल होत नाही. ती सालीत रुतते आणि वरून खाली जाणारा अन्नरस तुटतो. गाठ ओढत बसू नये. दोरी सालीपासून जिथे सुटी आहे, तिथे खाली बोट घालून बाहेरच्या दिशेने कापावी. फलकांचे खिळेही उपटावेत. झाडे वाचवण्यासाठी बसलेल्यांच्या दोरीने झाड मरणे आम्हाला फार लागते.

फ्लेक्स जाळू नयेत. ते पीव्हीसीचे असतात, जळताना हायड्रोजन क्लोराइड आणि डायऑक्सिन निघते. उघड्यावर कचरा जाळण्यास घनकचरा व्यवस्थापन नियमांनीच बंदी घातली आहे. परवाना नसलेल्या जागी शंभराहून अधिक माणसे जमवताना तीन कामकाजाचे दिवस आधी स्थानिक स्वराज्य संस्थेला कळवणे आणि कचरा वेगळा करून सोपवणे, हीही त्याच नियमांतली अट. बहुतेक आंदोलने ती वाचतच नाहीत.

अमेरिकेतल्या नॉर्थ डकोटातील स्टँडिंग रॉकचे उदाहरण इथे लागू पडते. मिसुरी नदीचे पाणी वाचवण्यासाठी 2016 मध्ये तिथे तेलवाहिनीविरोधात छावणी उभी राहिली आणि हजारो लोक जमले. 4 डिसेंबरला लष्कराने नदीखालून वाहिनी नेण्याची परवानगी नाकारली. पाठोपाठ हिमवादळ आले. पुष्कळ लोक निघून गेले आणि तंबू बर्फात गाडले गेले. छावणी पूरक्षेत्रात होती. वसंतात बर्फ वितळल्यावर सगळे सामान त्याच नदीत जाणार होते. स्थानिक जमातीने जानेवारीअखेर सफाई सुरू केली, पण कापडे जमिनीला गोठून चिकटलेली, फोडून काढावी लागत होती. 22 फेब्रुवारी 2017 ही जागा रिकामी करण्याची अखेरची मुदत ठरली, आणि पुढच्या सफाईसाठी लष्कराच्या अभियंता विभागाला सुमारे 11 लाख डॉलरचे कंत्राट द्यावे लागले. सामान येत होते तेव्हाच मोजले असते तर यातले बरेच टळले असते. आपल्याकडे बर्फाच्या जागी 7 जूनच्या आसपासचा पाऊस धरावा आणि उलटे दिवस मोजावेत : मेच्या मध्यानंतर नवे सामान घेणे बंद.

जिल्हा प्रशासनाकडे मागणी दोनच गोष्टींची आहे. जागा रिकामी केल्यावर जेसीबी लावण्याआधी आंदोलकांच्या दोन प्रतिनिधींसमोर पंचनामा व्हावा आणि सामान उचलायला 72 तास मिळावेत. आणि ग्रामपंचायतीने कुलूप लागणारी एक कोरडी खोली 30 दिवस द्यावी, म्हणजे दूरगावच्या माणसालाही सुटून आल्यावर आपली पिशवी मागता येईल. आंदोलनाच्या संयोजकांनी पहिल्याच दिवशी सामानाची वही उघडून तिची जबाबदारी एका व्यक्तीकडे नावानिशी द्यावी.

आपले,
आंदोलनस्थळांवर सामानाची व सफाईची व्यवस्था पाहणारे काही कार्यकर्ते,
जि. रत्नागिरी