पोपट नको, फिंचची जोडी बघा

संपादक महोदय,
कॉलेजची पोरं रूमवर पक्षी पाळायचा म्हणतात आणि सरळ पोपटाचं पिल्लू शोधत फिरतात, अहो आपला हिरवा पोपट पाळणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, तरी विकणारे लपूनछपून विकतातच. एकटा बजरीगर, म्हणजे तो छोटा परदेशी पोपट, पण नको, दिवसभर लेक्चर, संध्याकाळी क्लास, त्याच्याशी बोलणार कोण? त्यापेक्षा झेब्रा फिंच या चिमणीपेक्षा लहान पक्ष्याची जोडी बघा, ती एकमेकांत रमते, हातात घ्यायची गरजच नाही. पिंजरा मात्र लांबीला मोठा हवा, रोज राळं-पाणी बदला, खालचा पेपर काढा. आणि नॉनस्टिक तव्याजवळ अजिबात ठेवू नका, तो जास्त तापला की त्या धुराने पक्षी मरतात. सुट्टीत कोणाकडे ठेवणार तेही आधीच ठरवा, रूममेट नुसतं हो हो म्हणतात.
– एक वाचक, पुणे